टीव्हीवर शोधता शोधता आमचा प्रश्नच बदलला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिमोटने ‘गुडघा’ हा एवढासा शब्द लिहायला ३० वेळा बटण दाबावे लागते. मी मोजले आहे. व्हिडिओ शोधताना टीव्हीच्या पडद्यावर अक्षरांची जी चौकट येते, तिच्यात आमच्याकडे फक्त रोमन अक्षरे आहेत, एका ओळीत सात. खूण सुरुवातीला ‘ए’वर असते. तिथून सहा घरे उजवीकडे गेले की ‘जी’, मग ओके. ‘यू’साठी दोन ओळी खाली, ओके. ‘डी’साठी दोन ओळी वर आणि तीन घरे डावीकडे, ओके. परत तीन घरे जाऊन ‘जी’. ‘एच’ खालच्या ओळीत अगदी दुसऱ्या टोकाला, म्हणजे सात वेळा दाबणे आले. शेवटी एक ओळ वर चढून ‘ए’. खूण सरकवण्यासाठी २४ वेळा आणि ओकेसाठी सहा वेळा. मधे एखादे अक्षर चुकले तर ते खोडण्याचा हिशेब वेगळा.

हे इतके बारकाईने सांगते आहे, कारण या ३० दाबांपायी आमच्या घरात एक चूक झाली. ती आमच्यापुरती राहिली असती तर आपल्याला लिहिलेही नसते. पण टीव्हीवर इंटरनेटचे व्हिडिओ पाहणाऱ्या कोणाच्याही घरात ती होऊ शकते असे वाटते, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. कच्च्या छापील कागदावर लाल पेनाने खुणा करण्यात उमर गेली. मजकुरात एखादे विधान आले की ते कोणाचे, कधीचे, आणि त्याला तळटीप आहे का, हे पाहायची सवय हाताला लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. टीव्हीपुढे बसल्यावर मात्र ती सुटली होती, हे मला नंतर कळले.

माझ्या यजमानांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी व्यायामाचा एक कागद लिहून दिला होता. सातव्या आठवड्यात जिना सुरू करायला सांगितले, तेव्हा आमचा गोंधळ झाला. चढताना आधी कोणता पाय टाकायचा आणि उतरताना कोणता? कागदावर ते लिहिलेले होते, पण नेमक्या त्या ओळीवर पाणी सांडून शाई पसरली होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, एवढ्यासाठी फोन कशाला करायचा, म्हणून आम्ही टीव्ही लावला. पडदा मोठा, बसायला आरामखुर्ची, आवाज स्पष्ट. यांना चष्मा लावूनही मोबाइलवरचे नीट दिसत नाही.

आमचा प्रश्न असा होता: ‘गुडघ्याचे सांधेरोपण झाल्यावर जिना कसा चढावा?’ एवढे वाक्य रिमोटने लिहायचे तर दीडशेच्या वर दाब झाले असते. आधी रिमोटवरचे माइकचे बटण दाबून बोलून पाहिले. यंत्राने ‘जिना’चे ‘जीना’ केले आणि जगण्यावरची हिंदी गाणी समोर मांडली. दोनदा तसेच झाले. मग मी अक्षरे वेचू लागले. तीन-चार अक्षरे होतात न होतात, तोच खाली तयार शब्दांची यादी आली. पहिलीच ओळ होती ‘गुडघेदुखी घरगुती उपाय’. अंगठा दुखत होता, हे वाट पाहत होते. मी ती ओळ निवडली.

त्या क्षणी आमचा प्रश्न बदलला, आणि बदलला हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. विचारायचे होते शस्त्रक्रियेनंतरच्या जिन्याबद्दल. विचारले गेले साध्या गुडघेदुखीबद्दल. लाखो लोक जे विचारतात ते यंत्राने पुढे केले आणि आम्ही ते आपलेच समजून घेतले.

पुढचे तुम्हाला अंदाजाने कळेलच. एक प्रसन्न चेहऱ्याचे गृहस्थ मराठीत छान समजावून सांगत होते. चौथा व्यायाम उकिडवे बसून उठण्याचा होता. आमचे हे मुळात उत्साही. खुर्चीचा दांडा धरून ते अर्धे खाली गेले आणि तिथेच थांबले. चेहरा पांढरा पडलेला. मी आणि सुनेने दोन्ही बगलांत हात घालून त्यांना वर घेतले. सकाळपर्यंत गुडघा सुजला होता. ताई फोनवर रागावल्या नाहीत, पण क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, इतक्यात गुडघा एवढा वाकवायचा नसतो. तुमच्यासाठी नव्हताच तो व्यायाम.” बर्फाचा शेक आणि चार दिवस विश्रांती, एवढ्यावर निभावले. जिन्याचे उत्तरही त्यांनीच दिले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका ओळीचे उत्तर.

दुपारी मी तोच व्हिडिओ सुनेच्या मोबाइलवर उघडला. शीर्षकाखाली टिचकी मारली की माहितीचा मजकूर उघडतो. त्यातली तिसरी ओळ अशी: ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी व्यायाम क्र. ४ व ५ करू नयेत.’ त्या गृहस्थांनी लिहिले होते. त्यांना दोष कसा द्यायचा? टीव्हीवर तो मजकूर आपोआप दिसत नाही. व्हिडिओ थांबवायचा, खाली सरकायचे, नेमके कोणते चिन्ह ते ओळखायचे आणि ते दाबायचे, तेव्हा तो उघडतो. एवढा खटाटोप आम्ही कधीच केला नव्हता. मी हातात मोबाइल धरून किती तरी वेळ बसून होते. पुस्तकाच्या एखाद्या फर्म्यातून तळटीप गळाली तर प्रेसमध्ये आम्ही छपाई थांबवत असू. इथे तळटीप आहे, पण वाचणाऱ्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

मला टीव्हीविरुद्ध बोलायचे नाही. आमच्या घरी तो रोज तीन-चार तास चालतो आणि त्यातला बराचसा वेळ इंटरनेटवरचे व्हिडिओच लागलेले असतात. घरोघरी हेच चालले असावे. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला एक तरुण, सगळे मिळून १९ सेकंद. पुढे हे सारे संगणकावर आणि मग मोबाइलवर पाहिले जाऊ लागले. २०२५च्या फेब्रुवारीत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी लिहिले, की पाहण्याच्या वेळेचा हिशेब केला तर अमेरिकेत टीव्हीने मोबाइलला मागे टाकले आहे. टीव्हीच्या पडद्यावर रोज सरासरी १०० कोटी तासांहून अधिक यूट्यूब पाहिले जाते. त्याच वर्षीच्या मे महिन्याचे अमेरिकेचे आकडे नील्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेने दिले. टीव्ही पाहण्याच्या एकूण वेळात इंटरनेटवरून येणाऱ्या कार्यक्रमांचा वाटा ४४.८ टक्के, तर केबल आणि नेहमीच्या प्रसारण वाहिन्यांचा मिळून ४४.२ टक्के. दोन्हींची बेरीज पहिल्यांदाच मागे पडली.

म्हणजे जी वस्तू आपण शोधण्यासाठी वापरत होतो, ती आता अशा पडद्यावर आली आहे जिथे शोधणे सगळ्यांत अवघड आहे. मोबाइलवर आपण बोटाने झरझर लिहितो. संगणकावर दोन्ही हात चालतात. टीव्हीपुढे हातात रिमोट. बिनतारी रिमोट १९५५ साली आला, झेनिथ कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी केलेला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर प्रकाशाचा झोत टाकायचा की टीव्ही चालू-बंद व्हायचा, आवाज जायचा, वाहिनी पुढे-मागे व्हायची. समोर जे येते आहे त्यातले निवडणे किंवा नाकारणे, एवढ्यासाठी केलेली ती वस्तू. तिच्या आजच्या वंशजाकडून आपण लिहिण्याचे काम करून घेतो आहोत. साहजिकच आपण लिहीत नाही. समोर मांडलेल्या चित्रांतले एक उचलतो.

आणि ती चित्रे कोण मांडते? २०१८ साली, तेव्हा यूट्यूबच्या उत्पादन विभागाचे प्रमुख असलेल्या याच मोहन यांनी सांगितले होते, की तिथे पाहण्याच्या वेळेपैकी ७० टक्क्यांहून जास्त वेळ यंत्राने सुचवलेले व्हिडिओ पाहण्यात जातो. हे टीव्हीचे राज्य येण्याआधीचे. आणि सुचवताना लोक किती वेळ पाहतात याला महत्त्व द्यायचे, हे तर २०१२ सालीच ठरले होते. ज्याला जिना चढायचा आहे त्याला एका ओळीत मोकळे करणारा व्हिडिओ या मोजमापात मागे राहणार. वीस मिनिटे धरून ठेवणारा पुढे येणार.

आमच्या त्या एका निवडीचा परिणाम पुढे तीन आठवडे पुरला. टीव्हीवर सगळ्या घराचे खाते एकच होते. मुलाला बुद्धिबळाचे डाव पाहायचे असत, सुनेला शिवणकाम, नातीला समुद्रातले प्राणी. टीव्ही लावला की वरच्या ओळीत गुडघे. सांध्यांच्या पट्ट्या, हाडांचे सापळे, ‘ही एक चूक करू नका’ असे लाल अक्षरांत ओरडणारे फलक. नऊ वर्षांची नात एकदा मला म्हणाली, “आजी, आजोबांचा गुडघा बरा झाला ना? मग टीव्हीला कसं कळलं नाही?” तिच्या प्रश्नाचे उत्तर देता देताच मला कळले, की पाहिलेल्याची यादी, म्हणजे हिस्टरी, आपल्याला पुसता येते. सुनेने मोबाइलवरून एकेक गुडघा त्या यादीतून काढला आणि प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल केले. दोन दिवसांत देवमासे परत आले.

नातीबद्दल आणखी थोडे लिहायला हवे, कारण शोधण्याची आमची आणि तिची रीतच वेगळी आहे. आम्ही शोधायला शिकलो ते गूगलच्या सुरुवातीच्या वर्षांत. कमीत कमी शब्द लिहायचे, तेही नामे. ‘गुडघा व्यायाम’. ‘रेल्वे वेळापत्रक’. क्रियापद लिहिणे म्हणजे उधळपट्टी वाटायची. ती मात्र रिमोट तोंडाजवळ धरून आख्खे वाक्य बोलते: “डॉल्फिन पाण्यात झोपतो तर तो बुडत कसा नाही?” तिला उत्तर मिळाले, आणि बरोबर मिळाले. झोपेत त्याचा अर्धा मेंदू जागा राहतो आणि तो श्वास घ्यायला वर येत राहतो. तिच्या प्रश्नात ‘कसा नाही’ हे शब्द होते, म्हणून ते उत्तर मिळाले. ‘डॉल्फिन झोप’ एवढेच म्हटले असते तर तिला झोपेसाठी लावायचे लाटांचे संगीत मिळाले असते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

पूर्ण प्रश्न विचारण्याची ही सवय मला मनापासून आवडते. ती आमच्याकडे कधी नव्हती. काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. उत्तर मिळाले की ते कोणी दिले हे ती पाहत नाही. तिच्या पिढीला तसे कोणी सांगितलेलेच नाही. २०२२च्या जुलैमध्ये गूगलच्याच प्रभाकर राघवन यांनी म्हटले होते, की त्यांच्या पाहणीनुसार जेवायला कुठे जायचे हे शोधताना जवळजवळ ४० टक्के तरुण गूगलकडे न वळता टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर जातात. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि आता तर शोधाच्या पानावर दुव्यांच्या आधी तयार परिच्छेदच वाचायला मिळतो. सोय मोठी आहे. पण अशा परिच्छेदाखाली मूळ कुठले ते उघडून पाहणारे माझ्या ओळखीत कोणी नाही.

गुडघ्याच्या प्रसंगानंतर आम्ही घरात काही बदल केले. टीव्हीशेजारच्या तिवईवर एक वही आणि पेन्सिल ठेवली. कामाचे काही शोधायचे असेल तर प्रश्न आधी त्या वहीत लिहायचा, पूर्ण वाक्यात, प्रश्नचिन्हासह. शोधायचे मोबाइलवर, कारण तिथे मराठीत लिहिता येते आणि खालचा मजकूर वाचता येतो. मग तो व्हिडिओ मोबाइलवरून टीव्हीवर पाठवायचा. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असली आणि चौकोनाच्या कोपऱ्यात लहरी असलेले चिन्ह दाबले की तो मोठ्या पडद्यावर लागतो. हे चिन्ह माझ्या मोबाइलवर होतेच. कशासाठी आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पाहून झाल्यावर वहीतल्या प्रश्नाशी ताडायचे: याचे उत्तर मिळाले का? पहिल्या महिन्यात अकरा प्रश्न झाले. त्यांतल्या चारांपुढे मी ‘मिळाले नाही’ असे लिहिले आहे. पूर्वी त्या चारांच्याही बाबतीत आम्ही समाधानाने उठलो असतो, कारण व्हिडिओ तर पाहून झाला होता.

आणखी एक गोष्ट त्या वहीमुळे दिसली. औषधांच्या वेळांबद्दल यांनी पाहिलेला एक व्हिडिओ सात वर्षांपूर्वीचा निघाला. टीव्हीवर चित्र इतके स्वच्छ दिसते की जुने जुने वाटत नाही. पुस्तक जुने झाले की पाने पिवळी पडतात, वर्तमानपत्राच्या माथ्यावर तारीख असते. व्हिडिओची तारीख शोधावी लागते.

टीव्ही आणि ॲप बनवणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की पडद्यावरच्या अक्षरचौकटीत देवनागरी द्या, ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती लपवून ठेवू नका. व्हिडिओ सुरू होताना जाहिरातीला पाच सेकंद मिळतात. तेवढाच वेळ तारखेला आणि माहितीतल्या पहिल्या तीन ओळींना द्या. मराठीत आरोग्याचे, दुरुस्तीचे, विजेच्या कामाचे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती, की कोणी करू नये हे तोंडाने सांगा, व्यायाम सुरू होण्याआधी सांगा. तुमचा प्रेक्षक दहा फुटांवर बसला आहे, त्याला खालचे बारीक वाचता येत नाही, आणि दाखवलेले करून पाहायला तो लगेच उठतो.

आपल्याकडेही एक मागणे आहे. अलीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत लेखाखाली ‘व्हिडिओ पाहण्यासाठी स्कॅन करा’ असा काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. मोबाइलवाल्यांची त्याने सोय होते. टीव्हीवर पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, कारण टीव्हीला डोळा नसतो. त्या चौकोनाखाली व्हिडिओचे नेमके शीर्षक, चॅनलचे नाव आणि तारीख छापावी. शीर्षक लांब असेल तर शोधायला पुरेसे होतील असे त्यातले तीन-चार शब्द ठळक करावेत, म्हणजे वाचक सुचवलेल्या यादीच्या नादी न लागता थेट तिथे पोहोचेल. हे शब्द छापण्याआधी कोणी तरी टीव्हीवर स्वतः शोधून पाहायला हवेत, तोच व्हिडिओ वर येतो की दुसराच, हे तपासायला हवे. आपल्याकडे त्यासाठी माणूसबळ नसेल तर आठवड्याला दहा-बारा शीर्षके मी तपासून देईन, मोबदल्याशिवाय. टीव्ही घरात आहे, वेळ आहे, आणि लाल पेन अजून चालू आहे.

जाता जाता, चौकशी करणाऱ्यांसाठी: यजमान आता १४ पायऱ्या कठडा धरून चढतात. ताईंची ती ओळ सुनेने मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याच्या पहिल्या पायरीशेजारी भिंतीवर चिकटवली आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक